मागची रास

सूनबाई जेवणाचे डबे घेऊन मंडईच्या मागच्या दाराने आत शिरली तेव्हा तिचं मन अगदी स्वस्थ होतं. घरात जे चाललं होतं ते पाहता हे नवलच म्हणायचं. नणंद माहेरी आली होती ती कंबर कसूनच. सूनबाईच्या नवऱ्याने फळांचा गाळा शेजारच्या लोणीवाल्याला देऊन टाकायचं मनात घेतलं होतं, ते काही केल्या सुटत नव्हतं. आणि लोणीवाला आज जेवणं उरकल्यावर उत्तर घ्यायला येणार होता. बहीण-भावांची रोज खडाजंगी व्हायची, सासरे मधे बसून शांतपणे चहा प्यायचे, आणि गाळ्याचा विषय निघाला की सूनबाईला हटकून स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. गाळ्यावर रोज उभी राहायची ती. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तिला गाळा हवा होता. लग्नाआधी ती शिवणाच्या कारखान्यात बाह्या जोडायची. सदरा कसा दिसतो ते तिने तिथे कधी पाहिलंच नाही, नुसत्या बाह्या. या गाळ्यावर आल्यावर तिला पहिल्यांदा असं काही जमायला लागलं, की जे आपल्याला येतं याचा तिला मनातल्या मनात अभिमान वाटे. तो गाळा गेला तर परत बाह्याच, नाहीतर भांडी. हे ती नवऱ्यालाही बोलली नव्हती. विचारलं असतं तर बोलली असती.

पण निदान आजच्या मालाची काळजी नव्हती. कलिंगडं कालच उतरली होती आणि तिने ती कालच निवडून ठेवली होती. म्हणून तर सकाळी नणंद म्हणाली, “वहिनी, आज मी जाते बाबांबरोबर, तुम्ही घरचं उरकून आरामात या,” तेव्हा तिने फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

मासळीच्या ओळीत फरशा नुकत्याच धुतल्या होत्या. बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता. मटणवाला सुरीला धार लावता लावता कुणाशी तरी तावातावाने बोलत होता, अंडेवाली मावशी एकेक अंडं दिव्यापुढे धरून आत बघत होती, हमाल “बाजू, बाजू” करत लोकांच्या पोटऱ्यांना हातगाड्या लावत होते. या आवाजात भाव कुणी तोंडाने बोलतच नसे; बोटं वर करायची, समोरच्याने मान हलवायची, झाला सौदा. सूनबाई अंडेवालीला हसली, वळली, आणि गाळा दिसताच जागीच थांबली.

गाळ्यापुढे कलिंगडांचा मनोरा उभा होता. खाली सगळ्यात मोठी, मग त्याहून लहान, वर एक नारळाएवढं. ओल्या फडक्याने पुसून सगळी चकचकीत केलेली. आणि गाळ्याच्या मागे, गोणपाटाच्या पडद्याआड तिने काल लावलेली रास नाहीशी झाली होती. तिथे नुसता पेंढा उरला होता.

“कसं दिसतंय?” नणंद पदराने घाम पुसत म्हणाली. तिचा चेहरा कौतुकाची वाट बघत होता. “सकाळपासून लागलेय. येणारा-जाणारा थांबून बघतोय नुसता.”

“वन्सं, मागची कुठे गेली?”

“पुढे आणली की. सगळ्यात मोठी ती, आणि मागे पेंढ्यात कोंबून ठेवायची? अहो, दिसलं तर विकलं जाईल ना!” ती आवाज खाली आणून म्हणाली, “मला वाटलं, कुणासाठी बाजूला काढून ठेवलीत की काय.”

सूनबाईने डबे खाली ठेवले. कुणासाठी बाजूला काढली होती ते तिला माहीत होतं. मागची सगळी कच्ची होती. वेलीवरून तोडलं की कलिंगड पुढे पिकत नाही. ती संध्याकाळी मुरांबेवाल्याला जायची, साली-गरासकट. गेल्या उन्हाळ्यापासून हा तिचा नेम होता, आणि त्याचा तिने कुणालाच थांगपत्ता लागू दिला नव्हता. सासऱ्यांना तर मुळीच नाही.

सासऱ्यांना मंडईत सगळे कानसेन म्हणायचे. कलिंगड डाव्या तळव्यावर घ्यायचं, डोळे मिटायचे, उजव्या हाताची बोटं त्याच्यावर वाजवायची आणि मान किंचित कलती करून ऐकायचं. मग “हे घ्या” नाहीतर “हे नको”. दुसऱ्या गाळ्यांवर खाप काढून दाखवायचे. इथे फळाला सुरी लावायची पद्धत नव्हती. कानसेन म्हणाले लाल, तर ते लाल. सूनबाईलाही त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात तिला डोळे मिटायला लावून ते एकामागून एक फळ वाजवत गेले होते. पिकलेलं घुमतं, कच्चं टणटणतं, आणि उतरलेलं काहीच बोलत नाही, नुसतं थपकतं. चुकली की ते हसायचे, रागवायचे नाहीत.

मग गेल्या उन्हाळ्यात एकदा त्यांनी एक फळ वाजवलं आणि “ऐक, काय गोड बोलतंय” म्हणून तिच्यापुढे धरलं. फळ चक्क टणटणत होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मागून बर्फाची गाडी घंटा वाजवत आली. सगळी ओळ बाजूला झाली, सासरे मधोमध तसेच उभे. तिने त्यांना हाताला धरून ओढलं. त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या आधी गाळ्यावर यायला लागली आणि कच्ची मागे जायला लागली. पुढे जे राहायचं ते सगळं पिकलेलंच. कानसेन कुठलंही उचलोत, लालच निघायचं.

घरात हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. सासरे तरुणपणापासून हाकेला ओ न देण्याबद्दल प्रसिद्ध. सासूबाई भिंतीशी बोलावं तशा त्यांच्याशी बोलत आल्या होत्या, आणि भिंतीला ऐकू येईनासं झालं तर बोलणाऱ्याला काय फरक पडणार?

“आचारी येऊन गेला,” नणंद सांगत होती. “पलीकडच्या दारासमोरच्या खानावळीचा. आज त्याच्याकडे मोठं जेवण आहे कुणाचं तरी. बाबांनी स्वतः वाजवून हातगाडी भरून दिली. काय रुबाब हो अजून! आणि दादा म्हणतो, बंद करा.”

“कुठली दिली?”

“मागचीच, मोठी. मनोऱ्यात लावून उरलेली. मीच तर पुढे केली.”

सासरे गाळ्यात फळीवर उभे राहून एका बाईला फळ पारखून देत होते. डोळे मिटलेले, मान कलती. ते डोळे उघडून तिच्याकडे बघून हसले. तिनेही हसून दाखवलं. आता आचारी परत यायच्या आत काही करता आलं तर. तिने फडकं उचललं आणि पुसायच्या निमित्ताने मनोऱ्याच्या कडेची फळं बोटाने वाजवायला लागली.

“अहो, हात नका लावू, सगळं कोसळेल!” नणंद ओरडली. “पुसलंय मी.”

तेवढ्यात नवरा आला. तो विम्याच्या कचेरीत होता आणि जेवणाच्या सुट्टीत मंडईत यायचा, तो नेहमी ओल्या फरशीवरून बूट सांभाळत. त्याने मनोऱ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि उलट्या खोक्यावर बसला.

“छान लावलंयस,” तो म्हणाला. “आणि उद्यापासून रोज येणार आहेस का लावायला?”

“टोमणे मारू नकोस, दादा.”

“टोमणा नाही, विचारतोय. तू परवा परत जाणार. मग हे खोके कोण उचलणार? बाबा या वयात? का ही?” त्याने बायकोकडे मान केली. “हिची पाठ भरून येते, ते तुला दिसत नाही. तुला गाळा हवाय तो लहानपणी पेंढ्यात खेळलीस म्हणून.”

“बाबांचं नाव आहे या गाळ्यावर. इथून उठले तर ते आठवडाभरात अंथरूण धरतील. तुझ्यामुळेच आधीच किती गप्प गप्प झालेत. मी आल्यापासून धड चार शब्द बोलले नाहीत माझ्याशी.”

“माझ्यामुळे? बाबांना मी स्पष्ट विचारलंय. दोनदा. त्यांनी मान हलवली.”

“खोटं.”

“मान हलवली त्यांनी. म्हणाले, बरं.”

सूनबाई डबे उघडत होती, तिचा हात थांबला. हे तिला नवीन होतं. सासरे कुणी काही बोललं की मान हलवून बरं म्हणायचे, हे तिला माहीत होतं. पण त्या एवढ्याशा ‘बरं’वर नवऱ्याने गाळा देऊन टाकायला काढला असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. सांगावं का? सांगितलं तर गाळा वाचेल कदाचित. पण म्हाताऱ्याची अब्रू, ती चव्हाट्यावर मांडायची? आणि तीही सुनेने? तिला स्वतःचाच राग आला. ती जेवण वाढायला लागली.

दोन घास झाले नाहीत तोच आचारी आला. पांढरा अंगरखा, कपाळावर घाम, आणि दोन्ही हातांत अर्धं अर्धं कलिंगड. त्याने ते सासऱ्यांच्या पायाशी फळीवर आपटलं. आतून पांढरंफटक, मधे नुसती गुलाबी झाक.

“कानसेन, हे काय?” तो गरजला. “सगळीच्या सगळी अशी! पाहुणे जेवायला बसलेत माझे. मी काय वाढू त्यांना, काकड्या?”

गिऱ्हाईक बाई हातातलं फळ ठेवून दोन पावलं मागे सरकली. अंडेवालीने दिवा बाजूला केला. सासरे त्या पांढऱ्या गराकडे असे बघत राहिले, जसं काही ते दुसऱ्याच गाळ्यावरचं असावं.

“बघितलंस?” नवरा उभा राहून बहिणीला म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, नुसता थकवा होता. “म्हणून म्हणतो. वय झालंय.”

“चूक माझी आहे,” सूनबाई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “कच्ची बाजूला ठेवली होती, ती मीच चुकून पुढे लावली. बाबांनी वाजवलीच नाहीत, माझ्यावर विश्वास ठेवून दिली.”

नवऱ्याने कपाळाला हात लावला. आचारी तिला फाडफाड बोलायला लागला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. एवढं बोलून घेतलं की संपेल, असं तिला वाटत होतं. पण एक माणूस असं होतं की ज्याला हे खोटं आहे हे पक्कं माहीत होतं.

नणंद तिच्याकडे टक लावून बघत होती. “तुम्ही नाही लावली,” ती हळूच म्हणाली. “मी लावली. आणि बाबांनी वाजवली. माझ्यासमोर एकेक वाजवली.” ती एक पाऊल जवळ आली. “वहिनी, कच्ची बाजूला म्हणजे? बाबा असताना तुम्ही कशाला निवडून ठेवता?”

सूनबाईने उघड्या डब्याचं झाकण लावलं.

नणंदेच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत गेलं. सासरे त्यांच्याकडे पाठ करून, वाकून ते अर्धं फळ उलटसुलट करून बघत होते. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बाबा, गाळा लोणीवाल्याला देऊन टाका. आजच द्या.”

सासऱ्यांनी फळ खाली ठेवलं, फडक्याला हात पुसले.

“बाबा, तुमचा काटा मी भंगारात घालतेय.”

काही नाही. त्यांनी बोटाने गराचा तुकडा काढून चाखला आणि तोंड वाकडं केलं. चार दिवस नणंद ज्यांच्यासाठी भांडत होती, त्यांनी त्यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. नवरा परत खोक्यावर बसला. “म्हणजे मान हलवली ती...” तो एवढंच म्हणाला.

सासरे वळले. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, एकेक करून. ऐकू न येणाऱ्या माणसाला चेहरे फार लवकर वाचता येतात.

“काय झालं?”

सूनबाईच पुढे झाली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाली, “कळलं सगळ्यांना.”

त्यांनी पडद्यामागच्या रिकाम्या पेंढ्याकडे बोट केलं. “आणि ते? तिथे काय असायचं?”

“कच्ची. मी आधी येऊन काढून ठेवायचे. गेल्या उन्हाळ्यापासून.”

सासऱ्यांनी आपला डावा तळवा वर करून पाहिला. “कान गेले तसं मला वाटायला लागलं, हाताला कळतंय,” ते म्हणाले. “फळ हातात थरथरतं ना, वाजवलं की. वर्षभर एकही चुकलं नाही. म्हटलं, एवढी वर्षं धरलीत, आता हातच ऐकतोय.” त्यांनी तळवा मिटला. “म्हणजे हाताला कळत नव्हतं.”

सूनबाईला रडूच आलं. आपण त्यांची लाज राखली असं तिला वाटत होतं, आणि राखता राखता त्यांना केवढ्या मोठ्या फसवणुकीत ठेवलं होतं हे तिला आत्ता कळत होतं. ती काही बोलणार तोच आचाऱ्याने घसा खाकरला. तोही जरा वरमला होता, पण त्याचे पाहुणे काही वरमले नव्हते.

“मला वाईट वाटतंय, खरंच. पण माझी ताटं थांबलीत हो. कुणी निवडायची ते ठरवा, मला लाल फळ द्या.”

सासऱ्यांना यातलं किती समजलं कोण जाणे. ते फळीवरून खाली उतरले आणि सूनबाईला दंडाला धरून त्यांनी तिला फळीवर चढवलं. मग लेकीच्या मनोऱ्यावरचं सगळ्यात वरचं फळ उचलून तिच्या हातात दिलं. “वाजव.”

तिने डोळे पुसले आणि वाजवलं. घुमलं. “हे घ्या,” ती म्हणाली. पुढचं टणटणलं. “हे नको.” नणंद मुकाट्याने मनोरा उतरवून एकेक फळ वर द्यायला लागली, “नको” आलेली नवरा उचलून मागे पेंढ्यात नेऊन ठेवत होता, बुटांची पर्वा न करता. मनोरा बघता बघता भुईसपाट झाला आणि हातगाडी भरली.

“एक कापून दाखव,” आचारी म्हणाला आणि त्याने कमरेची सुरी काढली. “मघाशीही असंच ‘हे घ्या’ म्हणाले होते. आता नुसत्या शब्दावर नेऊ कसा?”

सूनबाई गोंधळली. त्याचं काही चुकत नव्हतं. तिने सुरीसाठी हात पुढे केला, पण सासऱ्यांनी मधेच गाडीतल्या फळावर तळवा ठेवला. सुरी त्यांनी पाहिली होती. बाकी ऐकायची गरज नव्हती.

“कापायचं नाही,” ते म्हणाले. “ती म्हणाली ना लाल. एक जरी पांढरं निघालं तर माझं तोंड बघू नकोस.”

आचाऱ्याने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, सुरी परत खोचली आणि गाडी ढकलत निघाला. नवरा पेंढ्याच्या काड्या झटकत पुढे आला. “तू मला का नाही सांगितलंस?” त्याने विचारलं. “बाबांचं नाही. तुझं. तुला इथे राहायचंय, हे.”

“तुम्ही माझ्या पाठीचं विचारलंत,” ती म्हणाली. “माझं कुठे विचारलंत?”

तोच लोणीवाला येऊन उभा राहिला. पोट सुटलेला, हसतमुख, वाईट म्हणता येणार नाही असा माणूस. आचाऱ्याचा आवाज त्याच्यापर्यंत गेलाच असणार, पण तसं त्याने दाखवलं नाही.

“मग काका, काय ठरलं?” त्याने सासऱ्यांना विचारलं. “देताय ना गाळा?”

सासऱ्यांची मान सवयीने हलायला लागली. अर्ध्यावर त्यांनीच ती थांबवली आणि सूनबाईकडे वळून म्हणाले, “काय विचारतोय हा?”

“गाळा देताय का, असं.”

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग लोणीवाल्याकडे. “मला काय विचारतोस? फळीवर ती उभी आहे. तिला विचार.”

लोणीवाला हसत हसत नवऱ्याकडे वळला. तो आपल्या बायकोकडे बघत होता. नणंदेकडे वळला, तीही तिकडेच बघत होती. इतके दिवस सूनबाईने मनात घोकलेलं वाक्य ऐन वेळी बाहेर आलं ते अगदी पुटपुटल्यासारखं.

“नाही द्यायचा.”

“काय म्हणालीस?” सासरे म्हणाले. मंडई ऐन भरात होती; हमाल ओरडत होते, मागून बर्फाची गाडी येत होती, आजूबाजूचे सगळे गाळेवाले कामं सोडून इकडेच बघत होते. त्या सगळ्यांदेखत त्यांनी कानामागे हात धरला. “मला ऐकू येत नाही, सूनबाई. मोठ्याने सांग.”

सूनबाईने छाती भरून श्वास घेतला आणि अंडेवालीच्या पार पलीकडच्या ओळीतली डोकी वळतील एवढ्या मोठ्याने ओरडून सांगितलं, “नाही द्यायचा, बाबा! गाळा मी चालवणार!”